नगद आणि नुकसान

मी शाळेत दोन भाषा शिकवतो. एका तासाला उर्दू, पुढच्या तासाला मराठी. त्यामुळे एखादा शब्द इकडून तिकडे कसा गेला हे सांगण्याची खोड मला लागली आहे. वर्गातल्या मुलांना याचा कंटाळा येतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तरीही आज अशाच दोन शब्दांपासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे.

उर्दूत टीकेला 'तनकीद' म्हणतात. त्याचे मूळ अरबी 'नक्द'. नाणे हातात घेऊन ते खरे की खोटे हे पारखणे, असा त्याचा जुना अर्थ. दहाव्या शतकात कुदामा इब्न जाफर याने कवितेची पारख कशी करावी यावर ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'नक्द अश-शिअर'. हाच 'नक्द' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'नगद' झाला. उर्दूत याच्या शेजारी दुसरा एक शब्द आहे, 'तनकीस'. म्हणजे उणे काढणे, कमी लेखणे. ज्या धातूतून 'तनकीस' आला, त्याच धातूतून 'नुकसान'. दोन्ही शब्द आपल्या मराठी घरात रोज वापरले जातात. तेव्हा फरक सोपा आहे. एक टीका हातात नगद ठेवते, दुसरी नुकसान करून जाते.

मराठीतल्या 'टीका' या शब्दाचेही असेच आहे. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणे. आज कोणी म्हणाले, 'त्याने माझ्यावर टीका केली', तर आपण लगेच विचारतो, 'का रे, भांडण झाले काय?' शब्द तोच राहिला, त्यातला उलगडा तेवढा गेला.

हे शब्दांचे पुराण आज सांगायचे कारण आपल्या मोहल्ल्यात आहे.

मध्यंतरी एका जमातीच्या वार्षिक सभेला बसलो होतो. हिशेब वाचून झाला. एका तरुणाने उठून विचारले की जलशाच्या मंडपावर आणि जेवणावर जेवढा खर्च झाला, त्याच्या चौथ्या हिश्श्यात मुलींसाठी सातवीनंतर तालुक्याच्या शाळेत जायला गाडी लावता आली असती, त्याचा विचार झाला होता का? आपल्याकडे अनेक गावांत उर्दू शाळा सातवीला संपते आणि मुलीचे शिक्षणही तिथेच संपते, हे इथे वाचणाऱ्या कित्येकांना घरातूनच माहीत असेल. प्रश्न साधा होता. उत्तर असे आले: 'तू कोणाचा मुलगा? तुझ्या वडिलांनी कधी वर्गणी भरली का?' दुसरे एक बुजुर्ग म्हणाले, 'बेटा, घरची गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. बाहेरच्यांना आयते हत्यार मिळते.' मुलगा खाली बसला. गाडीचा विषय तिथेच मिटला. यात नुकसान त्या मुलाचे कमी झाले. सातवीतल्या ज्या मुली पुढच्या जूनमध्ये घरी बसल्या, त्यांचे अधिक झाले.

'बाहेरच्यांना हत्यार मिळते' ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या घरातले एखादे वाक्य उचलून ते साऱ्या समाजाच्या माथी मारणारे लोक आहेत. पण त्या भीतीची किंमत कोण भरतो, तेही पाहिले पाहिजे. आणि हा रोग एकट्या आपलाही नाही. आगरकरांनी आपल्याच समाजाला प्रश्न विचारले, तेव्हा पुण्यात लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. हमीद दलवाईंनी 1966 साली सात स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तोंडी तलाकविरुद्ध. दलवाईंची सगळी मते मला पटतात असे नाही. परंतु त्या सात जणींचे म्हणणे खरे की खोटे हे तपासण्याआधी दलवाई कोण, कोणाचे, हीच चर्चा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली. नाणे बाजूला राहिले आणि आणणाऱ्याची झडती झाली.

याउलट आपल्याच परंपरेत टीका करण्याची आणि घेण्याची एक सुंदर रीत होती. तिचे नाव 'इस्लाह', म्हणजे दुरुस्ती. शागीर्द आपली गझल उस्तादाकडे पाठवी. उस्ताद एखादा शब्द खोडून वर दुसरा लिही, एखादा शेर काढून टाक म्हणे, आणि जो शेर मनापासून आवडला त्यावर 'स्वाद' या अक्षराची खूण करी. गालिबसाहेब हे काम टपालाने करीत. त्यांचे लाडके शागीर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता. त्यांना ते प्रेमाने मिर्झा तफ्ता म्हणत. हैदराबादेत राहणाऱ्या दागसाहेबांकडे तरुण इकबालनेही पंजाबातून टपालाने गझला पाठवल्या होत्या. काही काळाने दागसाहेबांनीच कळवले की आता दुरुस्तीची फारशी गरज उरलेली नाही.

या रीतीकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले की चार गोष्टी दिसतात. उस्ताद नेमक्या शब्दावर बोट ठेवतो, 'तुला लिहिता येत नाही' असे म्हणत नाही. तो नुसते खोडत नाही, पर्याय देतो. चांगले असेल तिथे खूणही करतो, म्हणून त्याच्या खोडण्यावर विश्वास बसतो. आणि दुरुस्ती एवढीच करतो की शेर शागीर्दाचाच राहावा.

बी.एड.ला आम्हाला वह्या तपासण्याबद्दल जे शिकवले, ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. पानभर लाल शाई ओतली तर मूल फक्त लाल रंग पाहते. निबंधात वीस चुका असतील तर आज दोन निवडाव्यात. 'अक्षर सुधार' या शेऱ्याने कोणाचेच अक्षर सुधारत नाही; 'ळ ची गाठ नीट बांध' म्हटले की दुसऱ्या दिवशी ळ बदललेला दिसतो.

टीका कुठे करावी, हाही प्रश्न आहे. माझे मत असे: दोष खाजगी असेल तर खाजगीत सांगावा. कोणाची सून, कोणाचा मुलगा, कोणाचे कर्ज हे सभेचे विषय नव्हेत. पण पैसा सगळ्यांचा असेल, निर्णय सगळ्यांवर परिणाम करणार असेल, तर प्रश्नही सगळ्यांसमोरच विचारला पाहिजे. वर्गणी सार्वजनिक आणि हिशेब मात्र घरचा, हे चालणार नाही.

आता घेणाऱ्याबद्दल. टीका ऐकताना छाती धडधडते, ते माणसाचे लक्षण आहे. तरी तीन सवयी लावता येतात. समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे. मग 'कशावरून म्हणता? एखादे उदाहरण सांगा' असे विचारावे. हा प्रश्न फार उपयोगी आहे, कारण नगद आणणारा लगेच उदाहरण काढतो आणि नुकसान करायला आलेला चाचपडतो. आणि उत्तर तिथल्या तिथे दिलेच पाहिजे असे नाही. 'दोन दिवस द्या, बघून सांगतो' म्हणण्यात काही कमीपणा नाही, मात्र दोन दिवसांनी सांगायला हवे.

टीका करणाऱ्याचा सूर कडवट असला तर? 'सराफ' हा शब्दही अरबीतूनच आलेला. सराफ नाणे कोणी आणले हे पाहून ते खरे ठरवत नाही. शत्रूच्या थैलीतले खरे नाणे खरेच असते. मात्र सराफ आणखी एक गोष्ट करत नाही: एक नाणे खोटे निघाले म्हणून अख्खी थैली खोटी आहे अशी बाजारात दवंडी पिटत नाही. माझ्या मुस्लिमेतर वाचकांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. आमच्या गावातल्या शाळेबद्दल, हिशेबाबद्दल, रीतीरिवाजाबद्दल जरूर विचारा. पण दूर कुठे कोणी काही केले आणि त्याचा खुलासा शिक्षकखोलीत चहा पिणाऱ्या माझ्याकडे मागितला, तर ती पारख राहत नाही. उलट त्यामुळे आमच्यातला प्रश्न विचारणारा मुलगा आणखी एकटा पडतो, कारण त्याला गप्प करणाऱ्यांच्या हाती आयते निमित्त येते.

आपल्या जमातींच्या सभा येत राहतील. माझी सूचना लहान आहे. हिशेब वाचून झाला की पंधरा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवा. विचारणाऱ्याचे नाव, घराणे, वर्गणी यांबद्दल कोणी बोलायचे नाही, एवढाच नियम. प्रत्येक प्रश्न वहीत लिहून घ्या आणि पुढच्या सभेची सुरुवात त्यांच्या उत्तरांनी करा. त्या तरुणाचा गाडीचा प्रश्न पहिल्या पानावर लिहायला हरकत नाही.