जाड बाईला गोष्ट नाही काय?

मराठी मालिकेत जाड बाई दारातून आत आली की काय होते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळकरी पोराला विचारा. आधी पार्श्वसंगीतात एक जाडाभरडा, हेलकावणारा सूर वाजतो. कॅमेरा हादरतो. टीपॉयवरचे पेले खणखणतात. बाई बसते, खुर्ची कुरकुरते, तिच्या हातात वड्यांची बशी येते आणि घरातले कुणीतरी, बहुधा दीर नाहीतर शेजारी, तिच्या अंगावर एक वाक्य फेकते. त्यावर हशा पेरला जातो आणि बाईचे काम संपते. तिच्या डोक्यावर कर्ज आहे का, तिचे कुणावर प्रेम आहे का, रात्री ती कशाने तळमळते, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. ठरवण्याची गरजच त्याला वाटलेली नसते. आम्ही याला विनोद म्हणायला साफ नकार देतो. हा अपमान आहे. तो रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी घराघरांत वाढला जातो आणि तो वाढणाऱ्यांना त्याबद्दल पुरस्कार मिळतात!

हे पाप आजचे नाही. उमादेवी खत्री ही आईबापांविना वाढलेली मुलगी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातून गाण्याच्या ओढीने एकटी मुंबईला आली. त्या काळात एकट्या मुलीने असे घर सोडायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. तिने नौशादसारख्या संगीतकाराचे दार ठोठावले, आणि १९४७ च्या ‘दर्द’ चित्रपटातल्या तिच्या गाण्याने हिंदुस्थान वेडा झाला. ते गाणे आजही लोक ऐकतात. पुढे गायनाचे दिवस सरले आणि १९५० च्या ‘बाबुल’मध्ये ती पडद्यावर आली. त्या दिवसापासून तिचे उमादेवी हे नाव पुसले गेले. उरली ती टुणटुण. सुमारे पाच दशके या बाईने पडद्यावर काय केले? ती घसरून पडली, खुर्च्या मोडल्या, बारक्या नवऱ्यामागे लाटणे घेऊन धावली. जिचे खरे आयुष्य एका मोठ्या कादंबरीला पुरले असते, तिला आपल्या सिनेमाने एकही गोष्ट दिली नाही. विनोदाचे तिचे अंग अस्सल होते, त्याला आमचा मुजरा आहे. पण त्या अस्सल अंगातून एक आई, एक विधवा, एक कारस्थानी सावकारीण, एक प्रेमात पडलेली पोक्त बाई काढून घ्यावी, असे त्या काळच्या किती दिग्दर्शकांना सुचले? त्यांना फक्त तिचे वजन दिसले. २००३ साली ती गेली, तेव्हाही ती जगाला टुणटुण म्हणूनच ठाऊक होती.

आणि ते नाव तिथेच थांबले नाही. ते शाळेत शिरले. वर्गातल्या जरा अंगाने भरलेल्या मुलीला टुणटुण म्हणायचे, हे महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांना कुणी शिकवावे लागले नाही. जोडीला ढोली, भोपळा, हत्तीण हे शब्द होतेच. २००८ साली ‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका आली, तेव्हा लाडू विकणारी गुबगुबीत बाई दाखवायची वेळ आली आणि तिचे नाव ठेवले गेले टुणटुण मौसी. दांडगाई करणारा, वारंवार मार खाणारा कालिया त्याच मालिकेत आडव्या अंगाचा. आणि नायक? तोही लाडूंवर तुटून पडणाराच, पण त्याची छाती रुंद आणि कंबर बारीक. पहिलीत जाणाऱ्या पोराच्या मनात यातून कोणता हिशेब बसतो, तो पालकांनी एकदा स्वतःच मांडून पाहावा. जी मुलगी ही मालिका पाहता पाहता स्वतःच्या पोटाकडे खाली बघते, तिचे काय? नववी-दहावीत ती स्नेहसंमेलनाच्या नाटकात नाव द्यायची नाही. दिले तरी तिला मावशीबाईचे नाहीतर राक्षसिणीचे काम मिळेल, हे तिला आधीच कळलेले असते.

आता कुणी म्हणेल, काळ बदलला. जाड नायिका आल्या. आल्या खऱ्या. पण कशा आल्या ते पाहा. २०१६ साली सचिन कुंडलकरांचा ‘वजनदार’ आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट या दोन नावाजलेल्या अभिनेत्रींनी त्यासाठी वजन वाढवले. २०२२ च्या ‘डबल एक्सएल’साठी हुमा कुरेशी आणि सोनाक्षी सिन्हा यांनी तेच केले. त्यांच्या मेहनतीबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल निर्मात्यांना आहे. जी बाई जन्मापासून त्या अंगाने वावरते, जी अभिनय शिकली आहे, जी नाटकांतून वर्षानुवर्षे घाम गाळते आहे, ती तुम्हाला दिसली नाही काय? जाड शरीर हा तुमच्या लेखी चार महिन्यांसाठी भाड्याने आणायचा पोशाख आहे काय? काळ्या रंगाचेही तुम्ही हेच केलेत. ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या मुलीच्या दुःखावर उभी राहिली आणि त्या मुलीच्या कामासाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला रोज काळा रंग फासला गेला! महाराष्ट्रात सावळ्या मुलींचा दुष्काळ पडला होता काय? ज्यांचे दुःख विकायचे त्यांनाच दाराबाहेर उभे करायचे, हा धंदा निर्लज्जपणाचा आहे आणि त्याला दुसरे नाव नाही.

यातल्या सर्वांत चांगल्या कृतीबद्दल बोलू, म्हणजे आम्ही वाईटावरच बोट ठेवतो असे कुणी म्हणायला नको. २०१५ चा ‘दम लगा के हईशा’. हरिद्वारमधली संध्या शिकलेली आहे, तिला शिक्षिका व्हायचे आहे. नवरा दहावी नापास, कॅसेटचे दुकान चालवणारा. मित्राच्या लग्नात दारू पिऊन तो चारचौघांत बायकोच्या शरीराबद्दल किळसवाणे बोलतो. संध्या उठते, सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारते आणि घर सोडून जाते. वकिलाकडेही जाते. हा प्रसंग लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या हातांना आम्ही मनापासून दाद देतो. भूमी पेडणेकरने ते काम जिवंत केले, चित्रपटाला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही रास्तच. पण शेवट आठवा. बायकोला पाठीवर घेऊन धावण्याची शर्यत! थोबाडीत मारणारी, स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी संध्या अखेरीस नवऱ्याने उचलून न्यायचे ओझे होते आणि टाळ्या पडतात त्या उचलणाऱ्याला. जिथे सर्वांत जास्त समज होती, तिथेही गोष्ट तिच्या वजनापाशीच येऊन थांबली. त्यानंतर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी काय केले? भूमीच्या अभिनयाचा अभ्यास थोडा, तिने वजन कसे उतरवले याच्या कहाण्या भरमसाट. आमच्या व्यवसायबंधूंनीही या गुन्ह्यात हात धुऊन घेतले आहेत, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

मराठी वाहिन्यांवर २०२० मध्ये ‘सुंदरा मनामध्ये भरली’ आली. अक्षया नाईकची लतिका दोन वर्षांहून अधिक काळ लोकांनी पाहिली. २०२१ मध्ये ‘येऊ कशी तशी मी नांदायला’मध्ये अन्विता फलटणकरची स्वीटू आली, तीही लोकांनी डोक्यावर घेतली. या दोघी भाड्याच्या अंगाने आल्या नव्हत्या, म्हणून त्यांचे मोल मोठे. तेव्हा ‘प्रेक्षकांना नाजूक नायिकाच हवी’ हे रडगाणे वाहिन्यांच्या साहेबांनी आता बंद करावे. प्रेक्षकांनी कौल दिलेला आहे. पण लतिकाच्या कथेचा मुख्य धागा पुन्हा वजनाचाच, हेही खरे. त्या दोघींनंतर तशा अंगाच्या किती नायिका तुमच्या जाहिरात-फलकांवर झळकल्या, ते साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

काही शहाणे आरोग्याची ढाल पुढे करतात. लठ्ठपणा हा आजारांचे मूळ आहे, त्याचे उदात्तीकरण कशाला, असे ते विचारतात. पडद्यावर माणूस दाखवणे म्हणजे त्याच्या रक्तातल्या साखरेचे उदात्तीकरण नव्हे. नायक सिगारेट ओढतो तेव्हा या मंडळींना आरोग्य आठवत नाही. तिथे ऑक्टोबर २०१२ पासून सरकारी नियमाने कोपऱ्यात इशारा टाकावा लागला, तोही चित्रपटवाल्यांच्या कुरकुरीसह. उपाशी राहून हाडे वर आलेल्या नायिकेच्या रक्तातले हिमोग्लोबिन कुणी विचारत नाही. पन्नाशीचा, पोट सुटलेला नायक पंचविशीच्या पोरीबरोबर बागेत नाचतो, तेव्हा त्याच्या कोलेस्टेरॉलची चौकशी होत नाही. आरोग्याची ही काळजी फक्त जाड बाईपुरती जागी होते. म्हणून ती काळजी खोटी आहे. पुरुषांतही लुकड्या पोराला नायकाचा हरकाम्या मित्र करायचे आणि ठेंगण्या माणसाला सर्कशीतल्यासारखे नाचवायचे, हे चालूच आहे. पण सर्वांत जड हात बाईवरच पडतो.

आणखी एक दांभिकपणा फोडून काढला पाहिजे. काडीसारखी नायिका हीच भारतीय सौंदर्याची मूर्ती, असे भासवले जाते. मुंबईहून पुण्याला येताना मळवलीला उतरा आणि कार्ल्याच्या लेण्यावर चढून जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या उभ्या आहेत. रुंद नितंब, भरलेल्या मांड्या, गुबगुबीत दंड, पायांत जाड तोडे. सह्याद्रीच्या कातळात छिन्नी चालवणाऱ्याला त्या शरीराची लाज वाटली नाही. त्याच मळवलीजवळ पुढे राजा रविवर्म्याचा छापखाना हलवला गेला आणि तिथल्या ठशांतून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. त्या देवी पाहा. नऊवारीत न मावणारे दंड आहेत त्यांचे. आणि रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व? १९११ ची भामिनी, १९१६ ची रुक्मिणी, १९१९ ची सिंधू. पुढे अंग चांगलेच भरल्यावरही ते शालू नेसून उभे राहिले आणि थिएटर भारावून गेले. बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसायला आणि गजरा माळायला शिकल्या. ज्या महाराष्ट्राने हे पाहिले, त्याच्या लेखकांना आज जाड बाई फक्त खुर्ची मोडण्यासाठी लागते! चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांतला गुंड्याभाऊ धिप्पाड होता. पण वाचक खदखदून हसायचा तो बहुधा त्याचा जोडीदार चिमणराव याच्या फजितीवर. गुंड्याभाऊला स्वभाव होता, रुबाब होता, रागलोभ होते. त्याच्या निर्मात्याने त्याला माणूस मानले होते. लेखक कोणाला म्हणायचे आणि वाक्ये पाडणारा कोणाला म्हणायचे, ते इथे कळते.

आमची मागणी सोपी आहे. पुढच्या मालिकेतली फौजदार बाई जाड असू द्या. वकीलही असू द्या, खुनीही असू द्या, दोघा पुरुषांना झुलवणारी विधवा असू द्या, सुनेच्या बाजूने उभी राहणारी सासू असू द्या. आणि संहितेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्या वजनाबद्दल एक अक्षर नको. ‘नायिकेची मैत्रीण : जाड, विनोदी’ अशा पात्रनिवडीच्या जाहिराती काढणाऱ्या निर्मितीसंस्थांनी त्या आजच फाडून टाकाव्यात. जाड अभिनेत्रींना आमचे सांगणे आहे : खुर्ची मोडण्याचे काम आले तर नकार द्या. पोटापाण्यासाठी तो देणे जड जाते हे आम्ही जाणतो, म्हणून त्या नकाराची जबाबदारी आम्ही प्रेक्षकांवरही टाकतो. वाचकहो, पुढच्या वेळी तो हेलकावणारा सूर वाजला आणि पेरलेला हशा ऐकू आला, की दूरचित्रवाणी संच बंद करा आणि का बंद केला ते वाहिनीला लेखी कळवा. पत्र एकटे जाऊ देऊ नका. शेजारणीची सहीही घ्या.