जिद्द कमी पडली म्हणे

मागच्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉन अर्धवट सोडली. येताना हाजी अलीचा दर्गा उजव्या हाताला दिसला, तिथपर्यंत ठीक होते. पुढे पेडर रोडचा चढ लागला आणि पाय माझे राहिले नाहीत. पाच-सहा किलोमीटर उरले होते. फुटपाथवर बसले, ती उठून धावले नाही.

सोलापूरला परतल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना एक सहकारी म्हणाले, "आपा, थोडी जिद्द कमी पडली." दुसऱ्या म्हणाल्या, "तुम्ही तर महिनाभर रोजे ठेवता, तुम्हाला काय अवघड?" दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते. पण ही दोन्ही वाक्ये मला पटली नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

जिद्द भरपूर होती. चुकले ते पहाटे, मरीन ड्राइव्हवर. थंड हवा, हजारो माणसे, बँडबाजा. ठरवल्यापेक्षा जोरात पळाले आणि तहान नाही म्हणून पाण्याची टेबले सोडून दिली. शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवते ती साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यानंतर चरबी जाळून चालावे लागते आणि ते काम सावकाश होते. म्हणजे बत्तिसाव्या किलोमीटरला जे कोसळते त्याचा हिशेब दहाव्या किलोमीटरलाच बिघडलेला असतो. शेवटी दात-ओठ खाऊन तो भरून निघत नाही.

रोज्याचेही तेच आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात रमजान आला की ऊन कसे असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. असरनंतरचा तास-दीड तास सर्वांत जड. पण जुनी माणसे तो जिद्दीने काढत नाहीत. ती सहरीला नीट खातात, दुपारी सावलीत राहतात, कमी बोलतात. आमच्या अब्बांचा आवाज असरनंतर अर्धा व्हायचा, आम्हाला वाटायचे रागावलेत! शिवाय आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा सोडण्याची मुभा दीनमध्येच आहे. राहिलेला रोजा नंतर ठेवायचा, त्याला कजा म्हणतात. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. मग रस्त्यावर बसलेल्या धावपटूला का म्हणावे?

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात १९ वे आले, सुमारे २ तास ५१ मिनिटांत. त्याच शर्यतीत आपले सदाशिव दातारही उतरले होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही. दोघेही बोटीने समुद्र ओलांडून गेलेले. दातारांमध्ये जिद्द कमी होती असे म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि सिफान हसन. इथियोपियात जन्मलेली, नेदरलँड्सकडून धावणारी मुस्लिम मुलगी. २०२३ मध्ये ईद होऊन दोन दिवस झाले नव्हते तोच लंडनला ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. कंबर दुखू लागली तेव्हा ती चक्क थांबली, रस्त्यावरच अंग ताणले, पुढच्या मुली लांब निघून गेल्या. मग हळूहळू त्यांना गाठून जिंकली. पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण. माझ्या वर्गातल्या मुलींना मी तिचा तो थांबण्याचा प्रसंग आधी सांगते, पदक नंतर.

कारण या मुलींना मी ओळखते. नववीत एखादी शाळा सोडते आणि आम्ही मास्तर लोक म्हणतो, हुशार होती, जिद्द नव्हती. ती रात्री अकरापर्यंत आईबरोबर विड्या वळते हे आम्हाला माहीत असते. पहाटे पाणी भरते, लहान भावाला सांभाळते, मग शाळेत येऊन तिसऱ्या तासाला डुलक्या घेते. दहावी हा तिचा शेवटचा टप्पा, आणि तिथे पोहोचेपर्यंत तिच्या अंगात काही शिल्लक राहू नये अशी सगळी व्यवस्था आपणच केलेली असते. वाटेत पाण्याचे टेबल कुणी मांडले होते? जिद्दीवरचे भाषण मात्र दर गॅदरिंगला ठरलेले.

हे सगळे मी माझे अपयश झाकायला लिहिते आहे, असेही कोणी म्हणेल. म्हणू दे. थोडे तसे असेलही.

माझी कजा बाकी आहे. दर रविवारी फजरनंतर होटगी रोडला निघते. सुरुवातीचे पाच किलोमीटर इतकी हळू पळते की फिरायला आलेले आजोबा पुढे जातात. धाकटा मुलगा सायकलवर मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन बरोबर असतो आणि तहान असो-नसो, दर वीस मिनिटांनी ओरडतो, "अम्मी, पाणी!"