यंत्र नको, माणूस द्या

महापालिकेने पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा राज्य सरकारचा दंडक आता बऱ्यापैकी रुळला आहे. बच्चू कडूंच्या ‘प्रहार’ने राज्यभर केलेल्या आंदोलनांमुळे हा निधी हक्काचा आहे, हेही लोकांना कळले. मात्र तो खर्च करण्याची सर्वांत सोपी वाट ठरलेली असते. खात्यात रक्कम टाका, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे वाटा, फोटो काढा. ज्यांना चालता किंवा ऐकू येत नाही, त्यांना या साधनांचा उपयोग आहेच. स्वमग्न किंवा गतिमंद मुलाच्या हाती मात्र असे कोणतेही यंत्र देता येत नाही. त्याला माणूस लागतो. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक. तेही नियमित आणि वर्षानुवर्षे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात आहेत. कागदावर काहीच कमी नाही. अडते ते आपल्या वसई-विरार महापालिकेतल्या नालासोपाऱ्यात.

उदाहरणार्थ, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. विकासातील विलंब शोधणे हा त्या तपासणीचाच भाग आहे. पण आपल्याकडच्या चाळींतली कितीतरी मुले गल्लीतल्या खासगी नर्सरीत जातात आणि या जाळ्यातून निसटतात. मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा घरात ‘बाबाही उशिराच बोलला होता’ अशी समजूत काढली जाते. पुढे शाळाच मुलाला घेऊन जायला सांगते, तोवर सुरुवातीची मोलाची वर्षे हातची गेलेली असतात.

त्यानंतर सुरू होते लोकल. अनेकांना थेरपीसाठी बोरिवली-अंधेरी गाठावी लागते. विरार लोकलची गर्दी आणि गोंगाट धडधाकट माणसाला सोसत नाही, मग आवाजाने कासावीस होणाऱ्या मुलाचे काय होत असेल? दिव्यांगांच्या डब्यात चढावे तर ‘हा तर चांगला दिसतोय’ म्हणून आईला सुनावले जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात काम निघाले की उलट्या दिशेला, पालघरला जायचे आणि त्यासाठी विरारला डहाणू गाडीची वाट पाहायची. एका फेरीत एका पालकाचा दिवसाचा रोज बुडतो.

शेजारच्या महापालिकांनी याला उत्तर शोधले आहे. नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र २००७पासून वाशीत सुरू आहे. तिथे शिक्षण, थेरपी आणि प्रशिक्षण एका छताखाली मिळते. ठाणे महापालिका ‘जिद्द’ ही विशेष शाळा चालवते. वसई-विरार महापालिका स्थापन झाली २००९मध्ये, आणि २०११च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. तेव्हा आपले शहर लहान आहे, ही सबब चालणार नाही.

मुलगा १८ वर्षांचा झाला की पालकांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो, आणि बँक खाते किंवा घराचा हिस्सा यासाठी आईवडिलांची सही पुरत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. ‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे एक उत्तर. ते अनेक पालकांपर्यंत पोचतच नाही. या समितीने वर्षातून काही वेळा वसईत बसायला काय हरकत आहे?

या मुलांचा आवाज पालिकेत क्षीण आहे, त्याचे कारण उघड आहे. ती स्वतः मोर्चा काढू शकत नाहीत आणि त्यांना एकटे सोडून पालकांना मोर्चाला जाता येत नाही. त्यात २०२०च्या जूनमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात गाऱ्हाणे ऐकायला प्रभागात कोणी उरले नव्हते. तरीही पालक एकत्र आले तर काय होते, हे बदलापूरच्या ‘आधार’ने दाखवले आहे. प्रौढ मतिमंदांचे ते निवासी केंद्र पालकांच्याच पुढाकाराने उभे राहिले.

म्हणून मागणी एकच आणि नेमकी हवी. पुढच्या अंदाजपत्रकात दिव्यांग निधीतून पालिकेच्या इमारतीत एक तपासणी व थेरपी केंद्र, पगारी तज्ज्ञांच्या नेमणुका आणि तिथेच दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे नियमित शिबिर. आपल्याकडे नऊ प्रभाग समित्या आहेत. प्रत्येक समितीच्या कार्यालयात हीच मागणी लेखी द्या, पोच घ्या आणि अंदाजपत्रकात ती दिसते का ते तपासा. घरात असे मूल नसलेल्यांनीही सही करावी. या आईबापांकडे वेळ नाही, तो आपल्याकडे आहे.