बी.एस्सी. कशात करू दे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाडच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक मंडळी येऊ लागतात. हातात गुणपत्रिका, सोबत आई किंवा वडील, आणि प्रश्न ठरलेला. "डॉक्टरसाहेब, हिला आता पुढे काय करू दे?" फी घ्यायची सोय नाही आणि उत्तर तर द्यावेच लागते!

मागच्या पंधरवड्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातले गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुंबईत नोकरी करून गावी परतलेले. मुलीला बारावीला चांगले गुण आहेत, पण 'नीट'मध्ये सरकारी महाविद्यालयात एमबीबीएस मिळेल इतके नाहीत. खासगी महाविद्यालयाची फी ऐकून वडिलांनी लांबूनच हात जोडलेले. मुलीचा मामेभाऊ अमेरिकेत असतो. त्याने फोनवरून सांगितले, "आत्याच्या मुलीला फिजिशियन असिस्टंट करा. इकडे त्याला फार मान आहे. आधी कुठल्याही विषयातली पदवी चालते." तेव्हा वडिलांचा प्रश्न असा, "बी.एस्सी. कशात करू दे? रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र की प्राणिशास्त्र?"

मामेभाऊ बोलला त्यात खोटे काही नाही. फक्त ते तिकडचे खरे आहे.

अमेरिकेत हा व्यवसाय १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी सुरू केला. पहिले विद्यार्थी होते नौदलात जखमींची सेवा केलेले जवान. पुस्तकी शिक्षण थोडे, पण रुग्ण हाताखालून गेलेले. ती खूण त्या अभ्यासक्रमावर आजही आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी लागते, मग साधारण दोन-सव्वादोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. पदवीचा विषय कोणताही चालतो, इतिहाससुद्धा! मात्र शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन हे विषय शिकलेले असावे लागतात. शिवाय बहुतेक महाविद्यालये प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास मोजून मागतात, शेकड्यांनी, काही ठिकाणी हजाराच्या घरात. नुसते प्रयोगशाळेत नळ्या हलवलेले तिथे चालत नाही.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ च्या सुमारास चेन्नईत हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. आणि इथेच मेख आहे. आपल्याकडे फिजिशियन असिस्टंट ही बहुतेक ठिकाणी बारावीनंतर थेट घ्यायची पदवी आहे. म्हणजे या मुलीने तीन वर्षे रसायनशास्त्राची बी.एस्सी. केली आणि मग त्या दारात जाऊन उभी राहिली, तर तिला पुन्हा बारावीच्या गुणपत्रिकेवर पहिल्या वर्षाला बसवतील. तीन वर्षे आणि बापाचे पैसे, दोन्ही गेले. उलट इथली फिजिशियन असिस्टंटची पदवी घेऊन अमेरिकेत थेट काम करू म्हटले, तर तेही जमत नाही. तिथल्या परवाना-परीक्षेला तिथल्याच मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेले लागतात.

आता रसायनशास्त्राला मी नावे ठेवत नाही. महाडची एमआयडीसी आहे तोवर रसायनाच्या पदवीधराला पोटापाण्याची ददात नाही, आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात घरून डबा घेऊन जाऊन ती पदवी होते. पण तिला रुग्णापाशी जायचे आहे ना? मग ती वाट कारखान्याच्या फाटकाकडे जाते, खाटेकडे नाही.

वडील म्हणाले, "मग थेट फिजिशियन असिस्टंटच करू दे की!" करू द्यायला हरकत नाही, पण काम काय ते आधी समजून घ्या. मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली रुग्णाची हकीकत लिहून घेणे, तपासणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, घरी सोडताना कागद तयार करणे. काम जबाबदारीचे आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या मंडळींना सहवैद्यकीय व्यावसायिकांच्या यादीत जागाही दिली आहे. परंतु डॉक्टराशिवाय त्यांचे काम उभे राहत नाही. स्वतःची पाटी लावून चिठ्ठी लिहिता येत नाही. ज्याला शहरात राहायचे आहे, शस्त्रक्रियागृहाची आवड आहे, त्याने जरूर जावे. पोलादपूरच्या डोंगरात मात्र त्या पदवीला आज खुर्ची नाही.

आणि डोंगरात माणूस लागतो, हे मी इथल्या लोकांना काय सांगणार? २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडात शिरले, वर तळियेत दरड कोसळली. रस्ते बंद. त्या दिवशी खालचा डॉक्टर वर जाऊ शकत नव्हता आणि वरचा रुग्ण खाली येऊ शकत नव्हता. गावात जो होता तोच डॉक्टर.

एक जुना प्रसंग सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर रात्री अकराला मला वरच्या एका उपकेंद्रातून नर्सबाईंचा फोन आला. सात वर्षांच्या पोराला विंचू चावलेला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, दुखतंय म्हणून रडत नाहीये तो. घामाने निथळतोय, दोन उलट्या झाल्या, हातपाय गार आहेत." एवढ्या तीन गोष्टी त्यांनी पाहिल्या म्हणून पोर वाचले. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच लक्षणांचा पाठपुरावा केला, पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या रात्री फोनवर मी मात्रा सांगितली, बाईंनी दिली, जीप मिळेपर्यंत उशाशी बसून राहिल्या. (वाचकांनी ही गोळी आपल्या मनाने देऊ नये.) आता सांगा, त्या रात्री मोठी पदवी कुणाची होती आणि पोराजवळ कोण होते?

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, मुलीला बी.एस्सी. नर्सिंग करू द्या. ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "शेवटी नर्सच ना, डॉक्टरसाहेब?"

हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे आणि दर वेळी मला राग येतो. चार वर्षांची ही पूर्ण पदवी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र सगळे त्यात येते आणि पहिल्या वर्षापासून रुग्ण हातात. नोंदणी परिचर्या परिषदेची असते, तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला सुरुवात झाली तेव्हा आपल्या राज्यात बीएएमएस डॉक्टरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांनाही सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन घेतले. ती पदे कंत्राटी आहेत, पगाराच्या तक्रारी आहेत, हेही मी लपवत नाही. पण गावात बसून स्वतः रुग्ण पाहण्याची ती जागा आहे. आणि उद्या मुलीने अमेरिकेचे मनावर घेतलेच, तर चार वर्षांची पदवी, लागणारे बरेचसे विषय आणि रुग्णसेवेचे तास, तिन्ही तिच्या गाठीला असतील. साध्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला तिकडची अनेक महाविद्यालये पूर्ण पदवी धरत नाहीत. नव्या धोरणात चौथे वर्ष करता येते, पण रुग्णसेवेचे तास ते कुठून आणणार?

बीएएमएसचे विचाराल तर पुन्हा 'नीट', साडेचार वर्षे, वर एक वर्ष आंतरवासिता. आयुर्वेदाची मनापासून ओढ असेल तर जावे. एमबीबीएस हुकले म्हणून जाऊ नये.

सल्ला देताना मी आता फार जपतो, त्याला कारण आहे. माझ्याकडे वीस वर्षे काम केलेल्या कंपाउंडरच्या मुलाने एका संस्थेची पत्रिका आणून दाखवली होती. 'पॅरामेडिकल' डिप्लोमा, एक वर्ष, नोकरीची हमी. बाहेर रुग्णांची रांग होती. मी वरवर चाळली आणि म्हणालो, "कर, चांगले आहे." मान्यता कुणाची, हे मी विचारलेच नाही. त्याच्या बापाने पतपेढीतून कर्ज काढले. पुढे सरकारी भरतीच्या वेळी कागद तपासले तेव्हा ते प्रमाणपत्र बाजूला काढून ठेवले गेले. आज तो मुलगा एमआयडीसीत पाळीवर जातो. बाजारात भेटला की आदराने "सर" म्हणतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

तेव्हा प्रवेश कुठेही घ्या, आधी मान्यतेचे पत्र मागा. नर्सिंग असेल तर परिचर्या परिषदेचे आणि विद्यापीठाचे, सहवैद्यकीय असेल तर विद्यापीठ कोणते आणि नोंदणी कुठे होणार ते लेखी. आणि महाविद्यालयाला स्वतःचे, रुग्ण असलेले रुग्णालय आहे का, हे डोळ्यांनी पाहून या. इमारत झकपक आणि खाटा रिकाम्या, असे असेल तर तिथूनच परत फिरा.

गृहस्थ विचार करतो म्हणाले. मुलगी इतका वेळ गप्प होती. उठता उठता तिने मला विचारले, "सर, नर्सिंगला रात्रपाळी असते ना?"

"असते."

"मग चालेल. मला तशीही रात्री झोप येत नाही," असे म्हणून ती हसली आणि बापाच्या आधी चपला घालून बाहेर पडली.