पाटी नसणे म्हणजे परवानगी नव्हे

अतिथीला तिथी नसते, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याला मर्यादा मात्र असते, हे तितक्याच तत्परतेने विसरतो. या विस्मृतीचे जे दर्शन मला मागील वर्षी घडले, ते देवळाच्या अग्रशाळेत नव्हे, तर अमेरिकेतील एका मोठ्या दुकानाच्या आवारात; आणि अपराध्यांच्या पंक्तीत मीही बसलो होतो. म्हणून हा लेख उपदेशकाचा न समजता कबुलीने आरंभ होणारा युक्तिवाद समजावा.

तिकडे ‘आर.व्ही.’ या नावाने ओळखले जाणारे मोटारघर म्हणजे चाकांवरचा संसारच. निजण्याच्या जागा, चूल, शीतकपाट, न्हाणीघर आणि मैलापाण्याची टाकी, सारे एकाच गाडीत. अशा गाड्यांसाठी पैसे घेऊन जागा देणारे तळ ठिकठिकाणी आहेत. परंतु लांबच्या पल्ल्यावर रात्री थकलेला प्रवासी पुष्कळदा एखाद्या मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर गाडी उभी करून झोपतो आणि सकाळी वाटेला लागतो. ही सवलत देण्याबद्दल वॉलमार्टच्या दुकानांची विशेष ख्याती आहे. मात्र त्या कंपनीचे जाहीर धोरण असे की, जागेची उपलब्धता आणि स्थानिक कायदा पाहून प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापकाने निर्णय करावा, व प्रवाशाने त्याला आधी विचारावे.

माझा भाचा तिकडे नोकरीस आहे. सुटीत त्याने एक मोटारघर भाड्याने घेतले आणि आम्ही अ‍ॅरिझोना राज्यातून प्रवास करीत होतो. रात्री नऊच्या सुमारास त्याने गाडी एका दुकानाच्या आवारात उभी केली. “आत जाऊन विचारून ये,” असे मी म्हटले. “मामा, मनाईची पाटी कुठे आहे? विचारले तर उगीच नाही म्हणतील,” हे त्याचे उत्तर. वीस वर्षे वकिली केलेला मनुष्य त्यावर गप्प बसला! शेजारी तीन गाड्यांचा एक गट उतरला होता. त्यांनी कापडी चांदवे पसरले, खुर्च्या मांडल्या, शेगड्या पेटवल्या आणि मध्यरात्रीपर्यंत जनरेटर घरघरत ठेवला. आवाराच्या पार टोकाला एक वृद्ध दांपत्य आपल्या लहानशा गाडीत दिवे मालवून झोपले होते. सकाळी व्यवस्थापक आला आणि त्याने सर्वांनाच निघून जाण्यास सांगितले. त्या दांपत्याने रीतसर परवानगी घेतली होती, दरवर्षी याच वाटेने जाताना ते ती घेत, हे निघताना त्यांच्याशी झालेल्या दोन शब्दांवरून कळले. सहा दिवसांनी परतताना त्याच आवारात रात्रीच्या मुक्कामास मनाई करणारी कोरी पाटी आम्ही पाहिली. त्या पाटीचा एक खिळा माझ्या मौनाने ठोकला, असे मी मानतो.

भाच्याचा तो युक्तिवाद त्याच्या एकट्याचा नाही, म्हणूनच त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

पाटी नाही, म्हणजे मुभा आहे, असे म्हणणाऱ्याला मी आपल्याकडील १८८२ च्या ईझमेंट कायद्याकडे नेईन. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीवर जे कृत्य एरवी बेकायदा ठरले असते, ते करण्याची मुभा म्हणजे अनुज्ञा. तिच्यामुळे त्या जमिनीत कोणताही हितसंबंध उत्पन्न होत नाही. ही अनुज्ञा वर्तनावरूनही सूचित होऊ शकते, असे ५४ वे कलम सांगते. येथे प्रतिपक्ष टाळी वाजवील: दुकानदाराने आवार उघडे ठेवले, हीच सूचित अनुज्ञा! होय, पण कशाची? येऊन खरेदी करून जाण्याची. लग्नाच्या मांडवात बोलावलेल्या पाहुण्याने यजमानाच्या माजघरात बिछाना अंथरावा, याला कोणी आमंत्रणाचा अर्थ म्हणत नाही. शिवाय ६० व्या कलमातील अपवाद वगळता, देणारा ती अनुज्ञा मागे घेऊ शकतो. हे तत्त्व आपण इंग्रजी कायद्यापासून घेतले आणि अमेरिकेचा कायदाही त्याच मुळापासून वाढला आहे. त्यातही, रस्त्यावरील वा आवारातील रात्रीच्या मुक्कामाला जेथे नगराच्या नियमानेच बंदी असते, तेथे मालकाच्या होकाराचाही उपयोग नसतो. तो नियम परक्या प्रवाशाला ठाऊक नसतो. व्यवस्थापकाला असण्याचा संभव अधिक. विचारणे हे केवळ सौजन्य नसून शहाणपणही आहे, ते यासाठी.

दुसरा पक्ष म्हणतो की, रात्री आवार ओसच असते, मग नुकसान कोणाचे? दिवसभर तापलेल्या डांबरात अवजड गाडीचे जॅक रुतून खळगे पडतात, ते बुजवण्याचा खर्च कोणाचा? सांडपाणी जमिनीवर सोडले, तर ते धुणारा नोकर कोणाचा? माल घेऊन पहाटे येणाऱ्या मालमोटारीला वळण्यास जागा उरली नाही, तर खोळंबा कोणाचा? ज्याला आवार ओस दिसते, त्याने ते झाडणारा मनुष्य कधी पाहिलेलाच नसतो.

तिसरा पक्ष अधिक चतुर आहे. तो म्हणतो, आम्ही गिऱ्हाईक आहोत, तेल-मीठ, भाजी, पेट्रोल घेतो. हा व्यवहारच आहे. ठीक; व्यवहारच हवा असेल, तर पैसे घेऊन जागा देणारे तळ आहेत. तेथे भाडे भरावे आणि खुशाल चांदवा पसरावा. दुकानातून घेतलेली पिशवीभर भाजी ही कृतज्ञतेची खूण असू शकते; ते जागेचे भाडे होऊ शकत नाही.

नवल असे की, हा विवेक खुद्द त्या प्रवाशांतील जाणत्यांनीच कधीचा सांगून ठेवला आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एस्केपीज’ या मोटारघरवाल्यांच्या संघटनेने चांगल्या शेजाऱ्याची आचारसंहिता प्रसृत केली आहे. तिचा आशय थोडक्यात असा: परवानगी घ्यावी; लावलेले नियम पाळावे; एकच रात्र राहावे; चांदवे, खुर्च्या व शेगड्या बाहेर काढू नयेत; डांबरासारख्या मऊ जमिनीवर जॅक टेकू नयेत; आभार म्हणून काही खरेदी करावी; आणि आलो त्याहून जागा स्वच्छ ठेवून जावे. यात कठीण ते काय आहे?

कोणी म्हणेल, एका रात्रीच्या निद्रेवर एवढा गहजब कशाला? त्याचे उत्तर त्या आवारात नेहमी दिसणाऱ्या, पण कोणी न पाहिलेल्या गाड्यांत आहे. सर्वच जण हौसेने गाडीत निजत नाहीत. घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे मोटारीतच राहणारे लोक त्या श्रीमंत देशात पुष्कळ आहेत. २०२४ साली ग्रँट्स पास नगराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सार्वजनिक जागेत मुक्काम ठोकणाऱ्यांना दंड करणारे नियम राज्यघटनेने निषिद्ध केलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाहीत. अर्थात सार्वजनिक जमिनीवरून हुसकलेल्याला खासगी मालकाची मेहेरबानी हाच पुष्कळदा आधार उरतो. हौशी प्रवाशाच्या मस्तीने मनाईची पाटी लागली, तर तो फार तर जवळच्या तळाचे भाडे भरील. ज्याच्याजवळ भाडेच नाही, त्याने कोठे जावे? चांदवा पसरणाराने या माणसाची रात्र हिरावून घेतली. माझा रोष आहे तो यासाठी.

ही गोष्ट परदेशाची म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. देवदर्शनाला आलेल्या परगावच्या मंडळींना अग्रशाळेत खोली मिळते, ती देवस्थानच्या औदार्याने; नाव नोंदवावे, नेमलेले दिवस राहावे, खोली झाडून किल्ली परत करावी, ही रीत आपले वडील न सांगता पाळीत. आज त्याच देवळांच्या वाहनतळांवर रात्री उतरलेल्या गाड्यांच्या मागे पत्रावळी आणि बाटल्या सापडतात, आणि विचारले की उत्तर येते, “देवाची जागा आहे, तुमची थोडीच?” गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बंदी घालावी लागली. जे काम पूर्वी लाजेने होत असे, ते आता दंडाच्या पावतीने करावे लागते, याची खंत निदान देवस्थानशी नाते सांगणाऱ्यांना तरी वाटली पाहिजे.

भाच्याला मी परतीच्या प्रवासात एवढेच सांगितले की, नकार मिळेल म्हणून न विचारणे याचा अर्थ नकार आहे हे जाणून राहणे. पुढच्या मुक्कामी तो आत गेला. व्यवस्थापिकेने एका रात्रीपुरता होकार देऊन कोपऱ्यातील जागा दाखवली. त्या रात्री मला झोप चांगली लागली.