माईक हा पहिला संपादक

कवितेचे संपादन कागदावर सुरू होते, अशी आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत समजूत आहे. गायिलेल्या कवितेपुरती तरी ती चुकीची आहे, असे आम्हांस वाटते. तेथे पहिला हात फिरतो तो माईकचा.

छत्रपती संभाजीनगरात स्वतःच्या कविता गिटारवर गाणारे विद्यार्थी आम्हांस विचारतात, ध्वनिमुद्रणासाठी कोणता माईक घ्यावा? दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: डायनॅमिक रंगमंचासाठी, कंडेन्सर स्टुडिओसाठी. ते खोटे नाही. परंतु त्यात कवितेचा विचार नाही.

शूअर कंपनीचा एसएम 58 हा डायनॅमिक माईक 1966 पासून गायकांच्या हाती आहे. तो दणकट, आणि खोलीतला गोंगाट फारसा न टिपणारा. मात्र ओठांशी धरला की खर्ज फुगतो आणि प्रत्येक कवी निवेदकासारखा बोलू लागतो. शिवाय मराठीतील महाप्राण वर्ण! ‘भूक’ आणि ‘भाकर’ हे शब्द श्वासाच्या धक्क्याने सुरू होतात. जवळच्या माईकवर त्या धक्क्याचा नुसता धप्प आवाज उरतो. आमच्या कवितेतून हे दोन शब्द वगळले तर उरते काय, हा निराळा प्रश्न. गिटारसाठी हाच माईक वापरल्यास तारेवरच्या नखाची कड बोथट होते.

कंडेन्सरचा पडदा हलका असतो. 48 व्होल्टच्या विजेवर तो नख, श्वास, शब्दाआधीचा किंचित थांबा, सारे टिपतो. आणि छताचा पंखाही. मे महिन्यात पंखा बंद करून गाणे ही साहित्यसेवाच म्हणावी लागेल. घामाने कवी आणि उष्म्याने तारा, दोघेही सुरातून उतरतात. म्हणून पहाटेची वेळ बरी.

खरा मतभेद पुढेच आहे. जाणकार दोन माईक सुचवतात: एक तोंडापुढे, दुसरा गिटारच्या बाराव्या पडद्यासमोर सुमारे फूटभर अंतरावर. आठच्या आकड्यासारखी ग्रहणकक्षा असलेला माईक मिळाल्यास त्याची बहिरी बाजू गिटारकडे वळवून आवाज बराच वेगळा काढता येतो. तंत्र निर्दोष आहे. पण वेगळे काढलेले मागाहून वर-खाली करता येते आणि ते करणारा बहुधा कवी नसतो. तो गिटार मागे ढकलतो, कविता ‘स्पष्ट’ होते, आणि जे एका देहातून एकाच वेळी उमटले त्याचे कविता व पार्श्वसंगीत असे दोन तुकडे पडतात. पुनरुक्ती गाळून लोकगीते छापणारा संपादक याहून काय वेगळे करतो?

1902 मध्ये गौहर जान यांनी कर्ण्यापुढे गायिले तेव्हा माईकच नव्हता. त्या पद्धतीत गायकाला पुढे-मागे सरकूनच आवाजाचा तोल सांभाळावा लागे. एकच कंडेन्सर हातभर अंतरावर ठेवला, तर तो अधिकार पुन्हा कवीकडे येतो: शब्द ऐकू यावा असे वाटेल तेथे त्याने तार हळू छेडावी.

हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. 1996 मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे मुद्रित केलेल्याही त्यांत आहेत. ओवीच्या अभ्यासकाला केवळ स्वच्छ शब्द हवा असेल तर जात्याची घरघर हा गोंगाट ठरेल. लय कोठून आली हे शोधायचे असेल तर तीच घरघर मूळ संहितेचा भाग ठरेल. आमच्या विद्यार्थ्यांनी मुद्रिकेवरून संहिता उतरवताना माईक कोणता, किती अंतरावर व कोणत्या खोलीत होता, हे पाठभेदांच्या टिपांत नोंदवावे, अशी आमची मागणी आहे.