आकाशवाणीची शाळा

आकाशवाणी केंद्रात बसून एकच शिक्षक सहस्रावधी मुलांना शिकवू शकतो, ही कल्पना मोठी मोहक आहे. पावसाळ्यात जेथील वाट बंद होते, अशा खेड्यातही ध्वनिलहरी पोहोचतात. परंतु शब्द कानी पडला म्हणजे ज्ञान मनात उतरलेच, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखानेच १९५६ साली दिले आहे. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापिली. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. ग्रामस्थ एकत्र बसून ऐकत, मग आपसांत चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेचे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची परीक्षा केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले. नुसताच रेडिओ असलेल्या गावांत ते फारसे वाढले नाही. यंत्र तेच, शब्दही तेच. फरक होता तो सोबतीचा! पुढे १९६४-६५ साली आफ्रिकेतील घाना देशानेही हीच पद्धत आपल्या खेड्यांत योजून पाहिली.

ते श्रोते प्रौढ होते. मुलांना तर सोबतीची गरज अधिकच. २०१४ साली इबोलाच्या साथीमुळे सिएरा लिओनमधील शाळा बंद पडल्या, तेव्हा तेथे रेडिओवरून पाठ दिले गेले. २०२० च्या महामारीत नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरली. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथील बालकांना हा मोठाच आधार होता. अशा उपक्रमांचे मोल कोणीही नाकारणार नाही. तथापि रेडिओला मुलाचा गोंधळलेला चेहरा दिसत नाही, त्याची चुकलेली बेरीज कळत नाही. त्यासाठी जवळ कोणीतरी माणूस हवा. मग ती आई असो, थोरला भाऊ असो वा शेजारची ताई. म्हणून रेडिओ आहे, आता शिक्षक कशाला, असे म्हणून खेड्यातील शाळेचा खर्च वाचवू पाहणे हा त्या बालकांवर अन्याय होय.

विद्यार्थिमित्रहो, हैदराबादसारख्या नगरीत तुम्हांला शाळा, ग्रंथालय आणि गुरुजन लाभले आहेत. सुटीत गावी जाल, तेव्हा एखाद्या लहानग्याजवळ बसून त्याचा धडा ऐका, त्याला प्रश्न विचारा. आकाशातून आलेला शब्द त्याच्या अंतरी पोहोचविण्याचे काम तुम्हीही करू शकाल.